चार लाखांचं गाव, एस्टी नाही

आर्लिंग्टन, टेक्सास

मागच्या पत्रानंतर माझ्या गावाहून, चिंचणीहून, तीन फोन आले आणि तिघांनीही एकच विचारलं, "तुमच्याकडे घरात गाड्या किती?" दोन, म्हटलं. पलीकडून कौतुकाचा जो 'वाऽ' आला, तो काही मला पचला नाही. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे 'गाडी चुकली' म्हटलं की बोईसरची लोकल गेली असं समजतात. इथे गाडी चुकत नाही, कारण ती दारातच झोपलेली असते. ती झोपेतून उठली नाही, तर मात्र तुम्हीही घरात. चप्पल घातल्याशिवाय बाहेर पडू नये तशी इथे गाडी, आणि या चपलेची किंमत ऐका. मोटारवाल्यांचीच जी मोठी अमेरिकन संघटना आहे, तिच्या 2024 च्या हिशेबात नवी गाडी बाळगायचा सरासरी खर्च वर्षाला 12,297 डॉलर होता. दहा लाख रुपयांच्या वर. आमच्या घरात अशा दोन चपला आहेत, आणि त्यांची चैन कसली ते अजून मला कळलेलं नाही.

गाडीवाचून इथे माणूस कसा अडतो, ते मात्र माझे वडील, अप्पा, आले तेव्हा नीट कळलं. अप्पांनी चाळीस वर्षं दागिन्यांच्या डाय कोरल्या. वय अठ्ठ्याहत्तर. गावी सकाळी सुरूच्या बनातून समुद्रावर, तिथून बाजारात, बोंबील बघून (घ्यायचे असोत वा नसोत) घरी, आणि दुपारी वाटलं तर एस्टीने बोईसर. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस्टी 2022 पासून फुकट, त्यामुळे त्यांना वाटायला फारसं कारणही लागत नाही. असा माणूस माझ्याकडे सहा महिन्यांसाठी आला आणि चौथ्या दिवशी खिडकीत बसला.

आमच्या खिडकीतून वाण्याचं मोठं दुकान दिसतं. मधे सहा पदरी रस्ता. फुटपाथ आमच्या बाजूने थोडा जातो, मग कंटाळून गवतात संपतो. पाचव्या दिवशी अप्पा कोणाला न सांगता दूध आणायला निघाले. गवतातून चालणारा धोतरातला म्हातारा बघून एक बाई गाडी थांबवून उतरली. तुमची गाडी बंद पडली का, कोणाला फोन करू का, असं तिने विचारलं. तिच्या बोलण्यात खरी काळजी होती. दुधासाठी कोणी चालत जात असेल, हे तिला सुचलंच नाही. तिने अप्पांना गाडीत घालून घरी आणून सोडलं. दूध राहिलं. अप्पा म्हणाले, "बाय, माणसं चांगली आहेत गं, पण मला पोरासारखं घरी आणून घातलं."

पोरांचीही तीच गत. माझा मुलगा चौदाचा आहे. शिकाऊ परवाना पंधराव्या वर्षी मिळतो, तोवर पोहणं, मित्र, वाचनालय, सगळीकडे मी ड्रायव्हर. मी त्याच्या वयाची असताना पास दाखवून एकटी एस्टीने डहाणूला जात होते. आईला कळायचं ते रात्री.

आता मुद्द्याची गोष्ट. आर्लिंग्टनची वस्ती चार लाखांच्या घरात, पण ठरल्या मार्गाने ठरल्या वेळी धावणारी शहराची बस नाही. 2013 मध्ये एक सुरू झाली होती, तीही 2017 मध्ये बंद झाली. आता अ‍ॅपवर बोलवायची छोटी व्हॅन आहे. अप्पांच्या फोनवर मी ते अ‍ॅप घालून दिलं, त्यांनी एकदाही उघडलं नाही. बस नको हे कोणा साहेबाने ठरवलं नाही, लोकांनी मतदान करून ठरवलं. सार्वजनिक वाहतुकीसाठी विक्रीकर वाढवायचा प्रस्ताव मतदारांनी तीनदा पाडला, शेवटचा 2002 मध्ये. दोनच वर्षांनी, 2004 मध्ये, याच शहराने फुटबॉलच्या स्टेडियमसाठी अर्धा टक्का विक्रीकर आनंदाने वाढवून घेतला. त्या स्टेडियममध्ये ऐंशी हजार माणसं बसतात. त्यांच्या गाड्या कुठे बसतात, ते बघायला कधीतरी या. वाडवळांच्या वाड्याच वाड्या मावतील एवढं डांबर आहे.

ज्यांना बस हवी होती ते थोडे होते. बाकीच्यांच्या दारात गाडी होती.

हे वाचून तुम्ही हसाल, म्हणून चिंचणीतल्या माझ्या मावसभावाचं सांगते. त्याने यंदा गाडी घेतली. आमच्या आळीत ती वळत नाही, मागे घेताना दोन घरांचे ओटे सांभाळावे लागतात. तो ती घेऊन बोईसर स्टेशनला जातो, जागा शोधत फिरतो, आणि शेवटी धावत लोकल पकडतो. "एस्टीचा काही भरवसा नाही," म्हणतो. खरं आहे. पावसाळ्यातला तो रस्ता मीही भोगलाय, शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून मीही बसलेय. पण पूर्वी एस्टी आली नाही की हाच भाऊ डेपोत जाऊन भांडायचा. आता तो जात नाही. मग भांडणार कोण? मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या वरोरच्या कोळणी? एमआयडीसीत पाळीला जाणारी कंत्राटी पोरं? त्यांचा खाडा होतो भांडायला गेलं तर. डहाणूपर्यंत लोकल 2013 मध्ये आली, ती कित्येक वर्षं मागून मागून. मागणारे रोज आगगाड्यांना लटकत होते म्हणून मागत होते.

महिलांना एस्टीत अर्धं तिकीट झालं तेव्हा मी इथल्या मैत्रिणींना मिरवून सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, बस किती वेळाने असते? मी विषय बदलला.

अप्पा सहा महिन्यांचं तिकीट बदलून तिसऱ्याच महिन्यात परत गेले. डिसेंबरात मी दोन्ही मुलांना घेऊन येतेय, आणि भावाला गाडी आणू नको असं बजावलंय. रात्रीच्या लोकलने बोईसरला उतरल्यावर चिंचणीची शेवटची एस्टी किती वाजता असते, हे मी भावाला विचारलं, तर त्याला माहीत नव्हतं. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर कळवा.