लाहोरची फ्लॉपी ते न्हावाशेवा

१९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला आणि त्यात चक्क स्वतःच्या दुकानाचं नाव, पत्ता, फोन नंबर घातला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरून प्रती काढणाऱ्यांना चाप बसावा एवढाच हेतू होता, असं ते सांगत आले. आयबीएम पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस. बघता बघता तो परदेशात पोचला आणि तिथून लाहोरच्या दुकानात फोन येऊ लागले.

ब्रेनची रीत बारकाईने पाहण्याजोगी आहे. त्या काळी पीसी सुरू केला की तो ड्राइव्हमधल्या फ्लॉपीचा पहिला सेक्टर वाचायचा आणि तिथे जे असेल ते मुकाट अमलात आणायचा. जागा अवघी ५१२ बाइटची. ब्रेनने तिथे ठाण मांडलं, मूळ मजकूर दुसरीकडे हलवला आणि ती नवी जागा 'खराब सेक्टर' म्हणून नोंदवून टाकली, म्हणजे डॉस ही कार्यप्रणाली तिकडे फिरकायलाच नको. कोणी पहिला सेक्टर उघडून तपासू लागलं, तर हा मधेच पडून मूळ मजकूर समोर धरायचा. एकदा मेमरीत बसला की पुढे येणाऱ्या ३६० केबीच्या फ्लॉप्यांना लागण व्हायची. फ्लॉपीवर डॉस नसेल तर स्क्रीनवर 'नॉन-सिस्टम डिस्क' असा संदेश यायचा. लोक ती काढून दुसरी घालायचे. पण संदेश दिसेपर्यंत व्हायरस आत शिरलेला असायचा. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की मात्र ड्राइव्ह त्यावर लिहायलाच नकार द्यायचा. तिथे कुठल्याच प्रोग्रामची मात्रा चालत नसे.

'अनोळखी फ्लॉपी घालू नका' हा सल्ला तेव्हापासूनचा. त्यानंतर असे सल्ले बदलत गेले, पण लागण झाली की दोष वापरणाऱ्याच्या माथी मारायची सवय तशीच राहिली. मला ते मुळीच पटत नाही.

नव्वदच्या दशकात पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करणारे रहिमतपूरचे कैलास काटकर पाहत होते, की दुरुस्तीला येणारी कित्येक यंत्रं मुळात धडधाकट आहेत, बिघाड व्हायरसचा आहे. धाकटे भाऊ संजय संगणकाचं शिक्षण घेत होते. त्यांनी ६ मार्चला जागा होऊन डिस्कवरचा मजकूर उडवणाऱ्या 'मायकेलँजेलो'वर उतारा लिहिला. त्याच कामातून पुढे 'क्विक हील' उभी राहिली.

मग ईमेल आला. ४ मे २००० रोजी मनिलातून निघालेलं 'आय लव्ह यू' पत्र उघडणाऱ्यांना आजही भोळे म्हटलं जातं. प्रत्यक्षात काय होतं? जोडलेल्या फाइलच्या नावात आधी 'टीएक्सटी' होतं आणि अगदी शेवटी 'व्हीबीएस'. विंडोज फाइलच्या नावाचं हे शेपूट आपणहून लपवायचं, त्यामुळे समोर दिसायची ती साधी मजकुराची फाइल. वर पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेलं, कारण व्हायरस आउटलुकमधल्या पत्त्यांवर स्वतःच पत्रं धाडत होता. उघडणाऱ्याचे जेपेग फोटो तो आपल्याच मजकुराने पुसून टाकायचा. फिलिपिन्समध्ये तेव्हा अशा कृत्यासाठी कायदाच नव्हता. संशयितावरचे आरोप मागे घ्यावे लागले.

२५ जानेवारी २००३ च्या 'स्लॅमर'ला तर माणसाची गरजच उरली नाही. ३७६ बाइटचा हा वर्म मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या एका चुकीतून शिरायचा आणि लगेच नवे पत्ते धुंडाळू लागायचा. सुरुवातीला बाधित यंत्रांची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती. दहा मिनिटांत, जी यंत्रं सापडू शकत होती त्यांतली ९० टक्के सापडली. दुरुस्ती सहा महिने आधीच निघाली होती, ती बसवलीच नव्हती. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने ब्रिटनमधली रुग्णालयं ठप्प केली, तेव्हाही दुरुस्ती दोन महिने आधी उपलब्ध होती. म्हणून मग सल्ला ठरला, अपडेट वेळच्या वेळी घ्या.

त्यानंतर दीड महिन्यातच, २७ जून २०१७ ला, 'नॉटपेट्या' आला तो अपडेटमधूनच. युक्रेनमधल्या कंपन्या कर भरण्यासाठी 'एमईडॉक' हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत. ते बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर घुसखोरांनी आधीच कब्जा केला होता. ज्यांनी निमूटपणे अपडेट घेतलं, तेच आधी बुडाले. एका यंत्राच्या मेमरीतून पासवर्ड उचलून नॉटपेट्या शेजारच्या यंत्रांत शिरायचा. स्क्रीनवर खंडणीची मागणी असे, पण पैसे भरूनही फाइली सुटण्याची सोयच नव्हती. 'मर्स्क' या डॅनिश जहाज कंपनीचं जगभरचं जाळं कोसळलं आणि न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरात तिच्याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम खोळंबलं. कंटेनर घेऊन आलेल्या ट्रकवाल्याने कुठलं बटण दाबलं होतं?

मर्स्कमध्ये कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सर्व्हर एकमेकांची प्रत जपत होते, त्यामुळे सगळे एकदमच गेले. घानामधला एक तेवढा वाचला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. तिथून इंग्लंडला तो डेटा पाठवायला इंटरनेटचा वेग पुरेना आणि घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. एकजण डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो दुसरा लंडनच्या विमानात बसला. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.