ओएसपीएफ जाळ्यातील आंतरक्षेत्रीय मार्गप्रसारण : दोषनिदानाची पद्धती

प्रस्तावना :
१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्यातील डहाणू रेल्वेमार्गावर, तलासरी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, तर सायवन डहाणू तालुक्यातील डोंगराळ आदिवासी पट्ट्यात वसलेले आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात तालुका ते ग्रामपंचायत अशी वलयाकार जोडणी अभिप्रेत आहे. जाळे विस्तारते तेव्हा केवळ तार पोहोचणे पुरेसे ठरत नाही. राउटरांना परस्परांचे मार्गही कळावे लागतात. तार शाबूत असूनही सायवनच्या विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज उघडत नसेल, तर दोष बहुधा तारेतच शोधला जातो आणि तंत्रज्ञाची फेरी वाया जाते. अशा प्रसंगी निदान कोणत्या क्रमाने करावे, हे प्रस्तुत लेखात डहाणू, तलासरी व सायवन या तीन ठिकाणी शाखा असलेल्या एका कल्पित महाविद्यालयाच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे.

क्षेत्रविभाजनाची संकल्पना :
‘ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट’ अर्थात ओएसपीएफ या नियमावलीची दुसरी आवृत्ती जॉन मॉय यांनी एप्रिल १९९८ मध्ये आरएफसी २३२८ या दस्तऐवजात मांडली. एका क्षेत्रातील प्रत्येक राउटर आपल्या दुव्यांची स्थिती ‘एलएसए’ या संदेशाद्वारे कळवतो. त्यामुळे त्या क्षेत्रातील सर्व राउटरांपाशी एकच नकाशा तयार होतो व त्यावरून प्रत्येक राउटर डायक्स्ट्रा यांच्या रीतीने सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढतो. क्षेत्राबाहेर मात्र हा नकाशा जात नाही. दोन क्षेत्रांना जोडणारा सीमा राउटर, ज्याला एबीआर म्हणतात, तिसऱ्या प्रकारच्या एलएसएद्वारे ‘अमुक जाळे माझ्याकडून इतक्या खर्चात गाठता येते’ एवढाच सारांश पलीकडे देतो.

म्हणजेच क्षेत्राच्या आत नकाशा असतो, तर क्षेत्राबाहेर केवळ सांगोवांगी असते. सांगोवांगीत मार्गांचे फेरे निर्माण होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी सर्व आंतरक्षेत्रीय सारांश क्षेत्र ० मधूनच, अर्थात बॅकबोनमधूनच, जावेत असा दंडक आहे. बॅकबोनशी जोडलेला सीमा राउटर इतर क्षेत्रांतून आलेले सारांश मार्गगणनेत धरत नाही. आंतरक्षेत्रीय मार्ग ‘हरवण्याच्या’ अनेक घटनांचे मूळ या नियमात असते.

उदाहरण :
समजा, डहाणू क्षेत्र ० मध्ये, तलासरी क्षेत्र १ मध्ये व सायवन क्षेत्र २ मध्ये आहे. परंतु सायवनची तार तलासरीच्याच राउटरला जोडली आहे. तलासरीचा हा राउटर क्षेत्र १ व २ मध्ये आहे, क्षेत्र ० मध्ये नाही. मूळ नियमावलीनुसार तो सायवनचा सारांश क्षेत्र १ मध्ये देईल. मात्र डहाणूचा सीमा राउटर तो स्वीकारणार नाही. आरएफसी ३५०९ (२००३) मध्ये नोंदवलेल्या पर्यायी पद्धतीचे राउटर तर बॅकबोनशी चालू जोडणी नसल्यास स्वतःला सीमा राउटर मानतच नाहीत. दोन्ही परिस्थितींत शेजारी संबंध पूर्ण दिसतात, पण डहाणूला सायवन दिसत नाही. येथे यंत्र बिघडलेले नसून आखणी चुकलेली असते.

पडताळणीचा क्रम :
१) शेजारी संबंध ‘फुल’ अवस्थेपर्यंत पोहोचले आहेत का, हे पाहावे. दोन बाजूंच्या एमटीयूमध्ये तफावत असल्यास ते मध्येच अडकतात.
२) सायवनचे जाळे त्याच्या स्वतःच्या क्षेत्रात पहिल्या प्रकारच्या एलएसएमध्ये आहे का, हे तपासावे. तेथेच नसेल तर पुढे शोधण्यात अर्थ नाही.
३) सीमा राउटरची क्षेत्र ० शी जोडणी चालू आहे का व त्याने बॅकबोनमध्ये सारांश दिला आहे का, हे पाहावे. गाळणी अथवा एकत्रित पट्ट्याची आज्ञा येथेच मार्ग रोखू शकते.
४) दूरच्या क्षेत्रातील माहितीसाठ्यात सारांश असून राउटिंग टेबलात मार्ग नसेल, तर सीमा राउटरपर्यंतचा मार्ग किंवा दुहेरी वापरलेला राउटर-आयडी तपासावा.

प्रत्येक अनुपस्थिती दोष नसते, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे. ‘टोटली स्टब’ क्षेत्रात केवळ एक डिफॉल्ट मार्ग येणे अपेक्षितच असते. उलट, १०.२.०.०/१६ असा एकत्रित पट्टा जाहीर केल्यास त्यातील एखादे जाळे बंद पडले तरी इतर क्षेत्रांना मार्ग शाबूतच दिसतो.

उपाय :
वरील उदाहरणात डहाणू व तलासरी यांच्यात क्षेत्र १ मधून व्हर्च्युअल लिंक उभारता येते. मात्र क्षेत्र १ स्टब नसावे. ही तात्पुरती मलमपट्टी समजावी. थेट बॅकबोन जोडणी हा भक्कम उपाय होय. ती परवडत नसेल, तर सायवनला क्षेत्र १ मध्येच सामावून घ्यावे. मोजक्या राउटरांच्या जाळ्यात स्वतंत्र क्षेत्राने विशेष काही साधत नाही.

समारोप :
आंतरक्षेत्रीय दोषाचे निदान म्हणजे सारांशाचा उगमापासून मुक्कामापर्यंत टप्प्याटप्प्याने घेतलेला माग होय. तो कोणत्या सीमेवर थांबला हे कळले, की पुढील तपास त्या एका सीमा राउटरपुरता उरतो. संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आज्ञा पाठ करून घेण्याऐवजी हा क्रम रुजवल्यास, जाळ्याच्या टोकाशी असलेल्या गावांची सेवा विनाकारण खंडित राहणार नाही.