कंपायलरचा मुकादम

‘जीसीसी हॅलो.सी’ एवढं टाइप करून एंटर दाबलं की क्षणभरात ‘ए.आउट’ नावाची फाइल तयार होते. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये मुलं हे रोज करतात आणि जीसीसी म्हणजेच कंपायलर असं धरून चालतात. पण ही कमांड स्वतः सी भाषेचं भाषांतर करतच नाही. ती मुकादम आहे. कुठलं काम कोणाला आणि कोणत्या क्रमाने द्यायचं हे ती ठरवते, एकाचा माल दुसऱ्याकडे पोचवते आणि कुठे बिघडलं तर वर कळवते. कंपायलरच्या या भागाला ड्रायव्हर म्हणतात. कंपायलरच्या पाठ्यपुस्तकांत त्याची दखल जेमतेम घेतली जाते. हा अन्याय आहे असं मला वाटतं, कारण वापरणाऱ्याची पहिली गाठ ड्रायव्हरशीच पडते.

लिनक्सवर त्याच कमांडला ‘मायनस व्ही’ जोडून बघा. भराभर ओळी सरकू लागतात. आधी ‘सीसी१’ला बोलावणं जातं, खरा कंपायलर हा. तो असेंब्ली लिहून टेंप फोल्डरमधल्या एका तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवतो. मग ‘एएस’ हा असेंबलर तिची ऑब्जेक्ट फाइल करतो. शेवटी ‘कलेक्ट२’ येतो आणि तो ‘एलडी’ या लिंकरला कामाला लावतो. लिंकरची ही ओळ सावकाश वाचण्यासारखी असते. आपली एकुलती एक फाइल तिथे सीआरटी१, सीआरटीआय, सीआरटीबिगिन अशा अनोळखी फाइलींच्या गर्दीत उभी असते. प्रोग्राम ‘मेन’पासून सुरू होतो असं आपण शिकलेलो असतो; पण त्या मेनपर्यंत पोचवणारी सुरुवात या अनोळखी फाइलींत असते आणि ती ड्रायव्हर न सांगता जोडतो.

ही वाटणी हौसेने झालेली नाही. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये सीचा कंपायलर लिहिला तो पीडीपी-११ या यंत्रावर. त्याचे पत्ते १६ बिटांचे, म्हणजे एका वेळी ६४ किलोबाइटच हाताशी. अख्खा कंपायलर एका दमात त्यात बसवणं अवघड होतं, म्हणून त्याचे तुकडे झाले: सी०, सी१ आणि कोड सुधारायला हवा असेल तरच सी२. त्यांना एकामागून एक हाका मारायला ‘सीसी’ ही छोटी कमांड आली. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधला तिचा कोड आजही वाचायला मिळतो. तात्पुरत्या फाइलीचं नाव ठरवताना ती शेवटी ‘ए’ अक्षर लावते. त्या नावाची फाइल आधीच असेल तर ‘बी’, मग ‘सी’. एकाच यंत्रावर अनेक जण काम करत असताना दुसऱ्याच्या फाइलीवर पाय पडू नये म्हणून ही काळजी. रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी १९८७मध्ये आला, तेव्हा यंत्रं मोठी झाली होती. तरी सगळ्यांना हाका मारणाऱ्या एका कमांडची ही रीत त्यानेही ठेवली.

ड्रायव्हर लिहिताना खरी कसोटी लागते ती काम बिघडल्यावर. समजा, अर्धी ऑब्जेक्ट फाइल लिहून झाली आणि कंपायलर थांबला. ती अर्धवट फाइल तशीच राहिली तर? १९७६मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेला ‘मेक’ हा बांधणीचं काम करणारा प्रोग्राम फाइलींची वेळ बघतो. ऑब्जेक्ट फाइल मूळ फाइलीपेक्षा नवी दिसली, की हे काम झालंय असं समजून तो पुढे जातो. म्हणून काम फसलं की ड्रायव्हरने अर्धवट फाइल पुसायची आणि शून्याखेरीज दुसरा आकडा परत करायचा, हे दोन्ही सक्तीचं. हा आकडा माणसाला दिसत नाही, पण मेक त्याच्याच भरवशावर चालतो. ‘मायनस ओ’नंतर, म्हणजे तयार होणाऱ्या फाइलीच्या नावाच्या जागी, चुकून मूळ फाइलीचंच नाव दिलं तर आजचा जीसीसी साफ नकार देतो, रात्र जागून लिहिलेला प्रोग्राम पुसला जाण्यापासून कितीतरी विद्यार्थी त्यामुळे वाचतात.

विद्यार्थ्यांचा आणखी एक नेहमीचा घोटाळा सी प्लस प्लसचा. फाइल तीच, पण ‘जी प्लस प्लस’ऐवजी ‘जीसीसी’ने लिंक केली, की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’चा पाऊस पडतो. जीसीसी फाइलीच्या नावावरून भाषा बरोबर ओळखतो आणि कंपाइलही करतो, मात्र सी प्लस प्लसची लायब्ररी आपणहून जोडत नाही.

स्वतःची भाषा करणाऱ्याने ड्रायव्हरमध्ये ‘ठरवणं’ आणि ‘करणं’ पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवावं. क्लँग या दुसऱ्या सी कंपायलरचा ड्रायव्हर असाच बांधलाय: आधी पर्याय वाचायचे, मग कामांची साखळी जुळवायची, प्रत्येक काम कोणतं साधन करणार ते ठरवायचं, त्यातून नेमक्या कमांडी तयार करायच्या आणि सगळ्यात शेवटी त्या चालवायच्या. यामुळे वजाच्या चिन्हापुढे तीन हॅश देऊन काहीही न चालवता सगळ्या कमांडी नुसत्या बघता येतात, आणि ड्रायव्हरच्या चाचण्याही कंपाइल न करता घेता येतात. दुसरी गोष्ट, दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारताना कमांडची एक लांब ओळ जुळवून शेलकडे देऊ नये. शब्दांची यादी करून थेट द्यावी. नाहीतर ‘माझा प्रोग्राम.सी’ अशी मध्ये जागा असलेली फाइल आली की शेल तिचे दोन तुकडे करतो.

क्लँगची मला सगळ्यात आवडणारी सोय कंपायलर कोसळल्यावर दिसते. ड्रायव्हर त्यातून तगून राहतो, प्रीप्रोसेस केलेला कोड आणि तीच कमांड पुन्हा चालवणारी छोटी स्क्रिप्ट जपून ठेवतो आणि बग कळवताना या दोन्ही फाइली जोडा असं सांगतो. हेडर फाइलींचा सगळा मजकूर त्या कोडमध्ये आधीच ओतलेला असल्यामुळे दुरुस्त करणाऱ्याला तो बिघाड आपल्या यंत्रावर घडवून बघणं खूप सोपं जातं.

या अंतरंगात शिरायचं तर पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि जीसीसी रिसोर्स सेंटरने घेतलेल्या कार्यशाळांचं साहित्य बघावं. युनिक्समधली ती जुनी ‘सीसी’ कमांडही नावाने अजून कामावर आहे. रस्ट या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ची. तरी लिनक्सवर साधारणपणे तिचा कंपायलर शेवटचं लिंकिंग स्वतः न करता ‘सीसी’लाच हाक मारतो. नव्या यंत्रावर रस्ट बसवून पहिलाच प्रोग्राम बांधायला घेतला आणि ‘लिंकर सीसी सापडला नाही’ असा संदेश आला, तर आधी सीचा कंपायलर बसवून घ्यावा लागतो.