पाणी बाटते कशाने? श्रद्धा, जात आणि आपल्या वस्तीचे पर्यावरण

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे ‘बाटले’ म्हणून सनातन्यांनी १०८ घागरींचा विधी करून शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी ते ‘शुद्ध’ केले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बिघडत नाही, शेणाने बिघडते. पण मनातल्या श्रद्धेला हे उलटेच दिसले.

आजही स्थानिक पर्यावरणाच्या प्रश्नांवर लोकमत बरेचदा असेच बनते. नदी पवित्रच आहे, असे मानणारा माणूस निर्माल्य पिशवीसकट पुलावरून टाकतो आणि तिच्यात सोडलेल्या सांडपाण्याबद्दल प्रश्न विचारत नाही. कचरा उचलणे हे ठरावीक जातींचेच काम, असे मनात बसलेले असले की तो पुढे कुठे जातो याची चौकशी होत नाही.

मुंबईचे देवनार डम्पिंग ग्राउंडही १९२७ पासूनचेच. गोवंडी-मानखुर्दच्या कष्टकरी वस्त्या वर्षानुवर्षे त्या दुर्गंधीत जगत आहेत. जानेवारी २०१६ मध्ये तिथे मोठी आग लागली आणि धूर दूरवर पसरला, तेव्हा कुठे शहरभर आरडाओरड झाली.

समज आपल्यातही आहेत. ‘पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय’ असे आपण म्हणतो. पण डम्पिंगचा धूर आधी शेजारच्या वस्तीतल्या मुलांच्याच छातीत जातो. जयंतीनंतर रस्त्यावर पडलेल्या बाटल्या आणि डीजेचा आवाज यावर कोणी बोलले की आपण चिडतो. बोलणाऱ्याच्या मनात कधी जातही असते, पण म्हणून बाटल्या खोट्या ठरत नाहीत.

तथागतांनी कालामांना हेच समजावले होते: परंपरेने आले किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून मानू नका, हित-अहित स्वतः तपासा. ही कसोटी आधी आपण स्वतःला लावू.

त्यासाठी विहारातल्या वंदनेनंतर अर्धा तास पुरेसा आहे. आपला कचरा कुठे जातो, पाणी शेवटचे कधी तपासले, हे माहिती अधिकाराखाली विचारू. घनकचरा नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करण्याची जबाबदारी प्रत्येक घरावर टाकली आहे. ती पाळू आणि सफाई कामगारांच्या हातमोजे-मास्कसाठी पालिकेकडे पाठपुरावा करू. येत्या १४ एप्रिलला मिरवणूक संपल्यावर रस्ता झाडायला आपणच थांबू.