वतनाची बेडी आणि जमिनीचा हक्क

महाराला जमीन नव्हती असे आपण सरसकट म्हणतो. ते पुरते खरे नाही. गावोगाव महार वतनाची जमीन होती. मराठवाड्यात तिला हाडोळा म्हणतात. खरा प्रश्न ती कोणत्या अटीवर होती, हा आहे. गंगापूर तालुक्यात कार्यकर्त्यांबरोबर सातबारे वाचताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटतो, म्हणून त्याची उकल येथे करीत आहे.

जमीन वंशाला बांधून टाकण्याची रीत इंग्लंडातही होती. 1285 च्या कायद्याने जमीन एका घराण्याच्या वंशजांना जखडली. ताब्यातल्या वारसाला ती कायमची विकता येईना. तेव्हा वकिलांनी खोट्या दाव्याची युक्ती काढली. घेणारा दावा लावी. विकणारा म्हणे, या जमिनीची हमी अमक्याने दिली आहे. तो अमका म्हणजे बहुधा न्यायालयाचा पुकारा करणारा नोकर! तो बाहेर जाई तो परतत नसे. निकाल घेणाऱ्याच्या बाजूने लागे, आणि वारसांची भरपाई त्या भूमिहीन नोकराच्या जमिनीतून व्हावी असे कागदावर येई. हे नाटक 1833 साली कायद्याने बंद केले व साध्या दस्ताने बंधन तोडण्याची सोय केली. 1882 च्या कायद्याने तहहयात धारकाला विक्रीचा अधिकार दिला; पैसा मात्र विश्वस्तांच्या हाती राहून घराण्याचाच राहिला.

म्हणजे तेथे जमीन सुटली आणि घराणेही बुडाले नाही. याच काळात याच राज्यकर्त्यांनी मुंबई इलाख्यात 1874 चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा केला. वतनी जमीन वतनाबाहेरच्या माणसाला सरकारी मंजुरीवाचून देता येऊ नये, असे त्याने ठरविले. इंग्लंडातल्या बंधनाने उमरावाची मालमत्ता राखली. येथल्या बंधनाने जमिनीबरोबर माणूसच चाकरीला बांधला. सांगावा, पहारा, सरकारी कामाची धावपळ, आणि मोबदल्यात जमिनीचा तुकडा व बलुते. चाकरी नाकारली की जमीन धोक्यात. एकाच शब्दाने दोन वर्गांना दोन अर्थ दिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके येथेच बोट ठेवले. 1928 साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कामे नियमाने ठरवा, बलुत्याऐवजी रोख द्या, आणि ज्याला चाकरी सोडायची आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखू द्या, ही त्यातील मागणी. माणूस सुटावा आणि जमीनही त्याचीच राहावी, असा तो विचार होता. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले.

जुन्या मुंबई राज्यात 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. आपला भाग निजामाच्या राज्यातला, म्हणून येथे हैदराबादचा 1954 चा इनामे रद्द करण्याचा कायदा आणि त्यावरील 1959 ची दुरुस्ती पाहावी लागते. चाकरी गेली, पण जमीन हाती आली ती पुष्कळदा नवीन अविभाज्य शर्तीने. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून आणि नजराण्यावाचून ती ना विकता येते, ना तिची वाटणी होते.

ही शर्त ढाल आहे की बेडी? दोन्ही. वाळूजची औद्योगिक वसाहत याच तालुक्यात उभी राहिली. अशा ठिकाणी ढाल नसेल तर गरजू माणसाची जमीन अडीअडचणीच्या दिवशी जाते. पण ढाल कागदावरच असेल तर साध्या मुद्रांकावर तोंडदेखला व्यवहार होतो, ताबा जातो, आणि सातबाऱ्यावर मात्र आजोबांचे नाव राहते. इंग्लंडातले ते नाटक श्रीमंताची सोय होती. आपल्याकडचे हे नाटक गरिबाला भुईसपाट करते.

म्हणून शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीत तीन कागद वाचावेत: सातबारा, जुने फेरफार आणि 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक. जमीन कोणत्या शर्तीची, वारसनोंद झाली की नाही, कसतो कोण, हे त्यातून कळते. मयताची वारसनोंद राहिली असेल तर ती आधी करून घ्यावी. वतन मनातून झुगारणे ही आपली पहिली क्रांती होती. वतनाच्या जमिनीचा कागद आपल्या हातांनी वाचणे, हे तिचे राहिलेले काम आहे.