कापाकापी संपली, नटबोल्ट उरले

नाशिकच्या कॉलेज रोडवर संध्याकाळी लागलेल्या बुलेटच्या रांगेत लांबलचक फोर्कची, रुंद मागच्या चाकाची चॉपर आता क्वचितच दिसते. पंधरा वर्षांपूर्वी ‘मॉडिफाय केलेली गाडी’ म्हटलं की तीच डोळ्यांपुढे यायची. मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’ने त्या रूपाला नाव मिळवून दिलं. आज चलती आहे मॅट रंगाच्या, एकेरी सीटच्या, आखूड मडगार्डच्या बॉबरची. पोरांची आवड बदलली, असं सहज म्हटलं जातं. मला मात्र वाटतं, आवडीच्या आधी गाडी बदलली आणि कायदाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या बुलेटची चासी मिस्त्रीने ग्राइंडरने कापली, वेल्डिंग मारलं, तरी इंजिनाला त्याचं सोयरसुतक नसे. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या गाड्यांना एबीएस आलं, २०२० मध्ये बीएस-६ नियमांमुळे फ्युएल इंजेक्शन आलं, सायलेन्सरच्या नळीत सेन्सर बसला. आता मागची चासी कापायची तर वायरिंग आणि बॅटरी ठेवायची कुठे, हाच पहिला प्रश्न. त्यातच जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: कंपनीने दिलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रसंगी दोन्ही, अशी तरतूद केली.

यावर कोणी म्हणेल, कायदा पाळतो कोण? फटाके फोडणारे सायलेन्सर अजून गंगापूर रोड दणाणून सोडतातच. खरं आहे, आणि ते त्रासदायकही आहे. पण सायलेन्सर बोल्ट सोडून उतरवता येतो, तपासणीआधी मूळचा परत चढवता येतो. कापलेली चासी पुन्हा अखंड होत नाही. म्हणजे टिकली ती परतीची वाट असलेली हौस: हँडल, आरसे, सीट, रंग. इन्स्टाग्रामचं अनुकरण हे कारणही मला पुरेसं वाटत नाही, कारण तिथे परदेशी चॉपरही रोज दिसतात आणि त्या इथे कोणी बांधत नाही. पंचवटीच्या बोळात तसल्या लांब फोर्कची गाडी वळवायची म्हणजे शिक्षाच, हा भाग वेगळा.

कंपन्यांनी ही नस ओळखली. २०१९ मध्ये जावाने पेराक ही तयार बॉबर बाजारात आणली. २०२४ मध्ये रॉयल एनफिल्डने उंच हँडल आणि पांढऱ्या पट्ट्याचे टायर लावून ‘गोअन क्लासिक’ काढली, म्हणजे गोव्यातल्या गॅरेजांची हौस आरसी बुकासकट शोरूममध्ये आली. यात कारागिरी मेली अशी हळहळ व्यक्त होते. ती अर्धीच पटते. वेल्डरचं काम घटलं हे खरं, पण हाताने टाकीवर बारीक रेघ ओढणारा रंगारी आणि सीट शिवणारा कारागीर यांना काम आहे. शिवाय १९९६ मध्ये उत्पादन थांबलेल्या यामाहा आरएक्स १०० चे हौशी मालक आता वेगळं काहीच मागत नाहीत. त्यांना टाकीचा रंग, साइड पॅनल आणि स्टिकरसुद्धा कंपनीतून निघाले होते तस्सेच हवे असतात, आणि त्यासाठी ते नव्या रंगकामापेक्षा जास्त पैसे मोजतात.