‘परम’च्या पोटातली परदेशी चिप

कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या कारखानदाराला फौंड्रीकडून कास्टिंग वेळेवर मिळालं नाही, तर तो आपला पॅटर्न उचलून दुसऱ्या फौंड्रीत टाकतो. थोडी ओढाताण होते, पण काम निभावतं. संगणक बनवणाऱ्याला ही सोय नाही. प्रोसेसर बदलला की बोर्ड नव्याने आखावा लागतो, सॉफ्टवेअरही पुन्हा लिहावं लागतं.

पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेचा ‘परम ८०००’ हा महासंगणक याचं घरचं उदाहरण. अमेरिकेने भारताला मान्सूनच्या अंदाजासाठी एक क्रे महासंगणक दिला खरा, पण कडक अटी घालून. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला जास्त ताकदीचा मात्र नाकारला. मग १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम’ तयार झाला. अभिमान वाटावा अशीच ही कामगिरी.

त्याच्या पोटातली चिप मात्र ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीची होती: ट्रान्सप्युटर. हिची खुबी तिच्या चार जोडण्यांत होती. प्रत्येक चिप शेजारच्या चार चिपशी थेट जोडता येई, त्यामुळे एकच मोठं गणित अनेक चिप आपसात वाटून घेत. महागडा, अतिवेगवान प्रोसेसर मिळत नसताना हा मार्ग नामी होता.

पण इन्मॉसचं पुढे काय होणार, हे पुण्यात ठरत नव्हतं. १९८९ मध्ये ती कंपनी एसजीएस-थॉमसनकडे गेली. टी-९००० ही पुढची चिप १९९१ मध्ये जाहीर झाली, रखडली आणि ठरलेला वेग तिने कधी गाठलाच नाही. तोवर इंटेल, सन यांचे प्रोसेसर कितीतरी पुढे निघून गेले होते.

‘परम ८६००’मध्ये आकडेमोडीसाठी इंटेलचा आय-८६० आला, निरोपांची देवाणघेवाण ट्रान्सप्युटरकडेच राहिली. खरी सुटका ‘परम ९०००’ने केली. त्याची रचनाच अशी केली, की सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क किंवा डेकचा अल्फा यांपैकी कुठल्याही प्रोसेसरवर तो उभा करता यावा. सी-डॅकच्या सगळ्या निर्णयांत हा सर्वांत शहाणपणाचा म्हणावा लागेल. प्रोसेसरांना जोडणारं ‘परमनेट’ जाळंही पुढे स्वतःचंच घडवलं. म्हणून १९९८ चा ‘परम १००००’ सनच्या प्रोसेसरवर चालला आणि २००३ चा ‘परम पद्म’ आयबीएमच्या पॉवर-४ वर.

परावलंबन संपलं नाही, एका पुरवठादाराच्या हाती असलेली मान तेवढी सुटली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकात्यात ‘परम रुद्र’ सुरू झाले. पुण्याचा खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. या यंत्रांचे सर्व्हर सी-डॅकनेच आखले, प्रोसेसर मात्र इंटेलचा. आता सी-डॅक ‘औम’ नावाचा स्वतःचा प्रोसेसर आखते आहे. त्याचा पाया ब्रिटनच्या आर्म कंपनीच्या रचनेचा आहे आणि चिप तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेण्याचं नियोजन आहे.